नदीकाठी पुन्हा जत्रा भरते तेव्हा



गेल्या आठवड्यात एका वाचकमित्राचं पत्र आलं. सातवीत आहे. त्याच्या गावात नदीकाठ नवा करायचं घाटतंय. फरसबंदी, रंगीत दिवे, खाऊचे स्टॉल, रात्री गाणीबजावणी, सगळं काही. तो लिहितो, 'आम्हा मुलांना फार आनंद झाला. पण काठावर राहणारी माझी आत्या म्हणते, नको ती कटकट. मोठ्या माणसांना मजा का नको असते?'

प्रश्न झकास आहे! पण मित्रा, तुझी नदी मी पाहिलेली नाही आणि तुझ्या आत्याला मी ओळखत नाही. त्यामुळे त्या भांडणात मी आत्ताच पडत नाही. त्याऐवजी तुला लांबची एक नदी दाखवतो. तिच्या काठी अशीच जत्रा भरली, मोडली आणि परत भरवण्यात आली. तिचं सगळं पाहून झालं, की आत्याकडे जाऊ.

नकाशा काढा. अमेरिकेच्या उत्तरेला पाच प्रचंड सरोवरं आहेत. त्यातल्या ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड हे शहर सापडेल. तिथे सरोवराला मिळते ती कायाहोगा नदी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'वाकडी नदी' असा सांगतात, आणि ती खरोखरच वाकडी आहे. एखाद्याने वहीवर झोपेत रेघ ओढावी तशी! तिच्या वळणांच्या मधे, टेकाडाखाली जी सखल जमीन आहे, तिला सगळे फ्लॅट्स म्हणतात. आपल्या बिल्डिंगीतले फ्लॅट नव्हेत हं, सपाट जागा या अर्थाने.

१७९६ साली मोझेस क्लीव्हलंड नावाचा माणूस नाव घेऊन इथेच उतरला आणि शहराला त्याचं नाव मिळालं. पण खालच्या दलदलीत डास इतके, की हिवतापाने लोक बेजार झाले आणि बहुतेकांनी वर टेकाडावर घरं बांधली. खाली उरली ती गोदामं, धक्के आणि पुढे कारखाने. पोलाद, तेल, रंग. सगळ्यांची घाण नदीत. पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात अडकलेला लाकूडफाटा.

आणि मग नदीला आग लागली. चुकून छापलं नाही, नदीलाच! तीही एकदा नव्हे, अनेकदा. १९१२ च्या आगीत पाच माणसं मेली. १९५२ ची तर फार मोठी होती. २२ जून १९६९ ला पुन्हा पेट घेतला, तेव्हा आग अर्ध्या तासात विझलीसुद्धा. इतकी किरकोळ, की तिचा फोटो काढायला कुणी वेळेवर पोचलं नाही. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षी बातमी दिली आणि फोटो छापला तो १९५२ च्या आगीचा! पण त्या बातमीने देश हादरला. कार्ल स्टोक्स हे तेव्हाचे महापौर. ते दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन नदीवर गेले आणि काय काय कुठून पाण्यात येतं ते दाखवलं. पुढे १९७२ साली अमेरिकेत पाणी स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला. त्यामागे इतरही कारणं होती, पण या जळक्या नदीचं नाव त्यात नेहमी निघतं.

आता आपली जत्रा. कारखाने एकेक करून बंद पडले आणि फ्लॅट्समधली जुनी विटांची गोदामं ओस पडली. भाडं कमी, जागा ऐसपैस, समोर पाणी. तिथे आधी चारदोन खानावळी आणि बार आले, मग गाण्याचे अड्डे, मग नाचाचे क्लब. १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तर शनिवारी रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसे. लोक आपापल्या मोटारबोटी घेऊन यायचे आणि काठाला एकीला एक बांधून ठेवायचे. शहराची शान झाली ती जागा.

आणि तेव्हा कटकट कुणाला झाली? फारशी कुणालाच नाही, कारण रात्री झोपायला तिथे फारसं कुणी नव्हतंच. नीट लक्षात ठेवा हे. माणसं यायची, खायची, प्यायची, नाचायची आणि घरी निघून जायची. ती जागा कुणाचं अंगण नव्हती. सकाळी दार उघडून 'काल रात्री इथे काय गोंधळ चालला होता?' असं विचारणारी एखादी आजी नव्हती.

मग २००० सालचा उन्हाळा आला. थोड्याच दिवसांच्या अंतराने तीन माणसं नदीत बुडून मेली. जरा विचार करा. रात्रीची वेळ, दारू प्यायलेली माणसं, शेजारी खोल पाणी. बोटी बांधायच्या म्हणजे काठाला सगळीकडे कठडा घालता येत नाही. तिथे धोका आहे हे कळायला मोठी अक्कल लागत नव्हती, पण जत्रा जोरात चालू असताना हे बोलणाऱ्याला लोक रडका म्हणतात. तिघांच्या मृत्यूनंतर मात्र तपासण्या सुरू झाल्या, काही जागांना टाळं लागलं. गर्दीने तर शहरात वरच्या बाजूला दुसरे अड्डे शोधलेच होते. चार-पाच वर्षांत फ्लॅट्सचा पूर्वेचा काठ भुतासारखा रिकामा झाला. खिडक्या फुटक्या, पाट्या लोंबकळलेल्या.

आता ती जागा परत जिवंत करायची, असं ठरलं. बोलायला सोपं! नव्या योजनेला सगळी जमीन एकत्र हवी होती. काही मालकांनी विकायला नकार दिला. तेव्हा बंदराचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेने कायद्याने सक्ती करायचा मार्ग धरला. आपल्याकडे धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घेतात, तसं. फरक एवढाच, की इथे धरण नव्हतं, हॉटेलं आणि घरं होती. हे बरोबर की चूक? आईबाबांशी वाद घालून पाहा. माझं मत विचाराल, तर मला ते खटकतं.

पुढे २००८ ची मंदी आली आणि काम लांबलं. २०१३ मध्ये कचेऱ्यांचा उंच मनोरा आणि हॉटेल उघडलं, २०१५ मध्ये काठावरचा लाकडी फिरस्ता, खाण्यापिण्याच्या जागा आणि दोनशेहून जास्त घरांची इमारत.

घरं! इथेच सगळा फरक पडला. आता रात्री खाली गाणी वाजतात आणि वर कुणीतरी झोपलेलं असतं. तिथे राहणाऱ्या माणसाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवा. शनिवारी रात्री एक वाजता खाली ढोल वाजतोय. सोमवारी तुमची परीक्षा आहे. बाबांना गाडी लावायला जागा नाही, कारण पाहुण्यांच्या गाड्या. कोपऱ्यावर दोन टोळकी भांडताहेत. सकाळी शाळेला जाताना फुटलेल्या बाटल्या. यात मजा नको म्हणणारा कुणी नाही. उलट नदी आवडते म्हणूनच ही माणसं तिथे राहायला आली. पण पाहुणा मजा घेऊन जातो आणि मागचं सगळं घरच्यांना आवरावं लागतं. तुमच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आईचा चेहरा आठवा म्हणजे कळेल!

दुसरी बाजूही सांगतो. खिडकीत दिवा असला, की खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी डोळा असतो. कठडा मोडला तर तक्रार जाते. कुणी पाण्यात पडलं तर ओरडणारा असतो. २००० साली हेच नव्हतं. म्हणजे जी माणसं आवाजाची तक्रार करतात, त्यांच्यामुळेच जागा राखलीही जाते.

शिवाय या नदीचे आणखी रहिवासी आहेत, ते विसरून चालणार नाही. पोलादाचा एक कारखाना वरच्या अंगाला अजून चालू आहे आणि त्याच्यासाठी लोखंडाची माती घेऊन मोठाली जहाजं याच नदीतून जातात. एकेक जहाज १८० मीटरहून लांब, म्हणजे कबड्डीची चौदा मैदानं एकापुढे एक मांडा! हे धूड त्या वाकड्या वळणांतून नेतात कसं? नाकाजवळ पाण्याखाली एक आडवा पंखा असतो. तो फिरवला, की जहाजाचं तोंड बाजूला ढकललं जातं. एका वळणाला तर 'टकरीचं वळण' असंच नाव आहे. जहाज आलं, की काही पूल लिफ्टसारखे सरळ वर जातात आणि एक जुना पूल दारासारखा फिरतो. खाली बसून जेवणाऱ्यांना हा तमाशा फुकट. पण याच पाण्यात शाळा-कॉलेजची मुलं शर्यतीच्या होड्या वल्हवायला शिकतात आणि हौशी लोक मोटारबोटी हाकतात. जहाजाला पटकन थांबता येत नाही. तेव्हा कुणी केव्हा बाजूला व्हायचं, हे सगळ्यांना पाठ असावं लागतं.

आणि मासे! एके काळी नदीच्या या टोकाला ते जवळजवळ नव्हतेच. २०१९ मध्ये, त्या आगीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, नदीतले मासे ठरावीक प्रमाणात खायला हरकत नाही असं सरकारने सांगितलं.

गोष्ट अजून संपलेली नाही बरं का. नदीच्या आणखी एका पट्ट्यावर फार मोठी योजना आली आहे. २०२४ साली क्लीव्हलंडच्या नगर परिषदेने अशी व्यवस्था मंजूर केली, की शहराच्या मधल्या भागात जो वाढीव कर मिळेल, त्यातला पैसा नदी आणि सरोवर यांच्या काठांसाठी वापरता येईल. तेव्हा प्रश्न निघालाच, की काठापासून दूर, पडक्या घरांच्या वस्त्यांत जे राहतात त्यांना यातून काय मिळणार? त्यांच्याही रस्त्याला खड्डे आहेत.

तर मित्रा, आता तुझ्या आत्याकडे जा. 'मजा का नको?' असं विचारू नकोस. स्टॉल रात्री किती वाजता बंद व्हावेत, सकाळी झाडलोट कुणी करावी, गाड्या कुठे उभ्या राहाव्यात आणि घाटाच्या पायऱ्यांवर कठडा कुठवर हवा, हे विचार. तिथे आत्ता जे कपडे धुतात, म्हशी आणतात किंवा भाजी विकतात, त्यांनाही विचार, कारण नव्या फरशीवर त्यांना जागा आहे की नाही हे नकाशात बहुधा दिसत नाही. ती काय म्हणते ते पोस्टकार्डावर लिहून पाठव. अक्षर जरा मोठं काढ, मागच्या वेळी चष्मा लावूनही मला तीन शब्द लागले नाहीत.