कोठडीत कोण आहे, हे पाहून भूमिका ठरवू नका

महाराष्ट्रातील सर्व सन्माननीय खासदारांस,



पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, हे वाक्य आपण सगळेच वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. त्यात आणखी एका गुन्ह्याची कबुली आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. कबुलीसाठी मारहाण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० नुसार गुन्हा आहे. तरी ते वाक्य कुणाला खटकत नाही. म्हणून लोकसभेतल्या ४८ आणि राज्यसभेतल्या १९ खासदारांना हे पत्र.

भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली. तो आपल्यावर बंधनकारक होण्यासाठी लागणारे अनुमोदन मात्र आजवर दिलेले नाही. मे २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले. त्यात उणिवा होत्या. राज्यसभेच्या प्रवर समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्त्या सुचवल्या. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेच सरकार होते, तरी विधेयक हलले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपले. समितीचे अध्यक्ष अश्वनी कुमार मधल्या काळात केंद्रीय कायदामंत्रीही होते. त्यांचा काँग्रेस पक्ष विरोधी बाकांवर गेल्यावर, २०१६ मध्ये, ते याच कायद्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले.

दुसऱ्या बाजूचेही वेगळे नाही. आणीबाणीतल्या तुरुंगवासाची आठवण अभिमानाने सांगणाऱ्या पक्षाचे सरकार असताना, मे २०१७ मध्ये भारताने जिनिव्हात सांगितले की छळ आपल्या संस्कृतीत बसतच नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाच हाती दिला. तोही पडून आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यांतही छळाविरुद्धच्या स्वतंत्र कायद्याची उणीव भरून निघाली नाही.

आपल्या राज्यातही हेच घडले. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानणाऱ्या ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याला काँग्रेसने २००२ मध्ये संसदेत कडाडून विरोध केला. तशीच तरतूद असलेला संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा ‘मकोका’ युती सरकारने १९९९ मध्ये आणला होता. तो काँग्रेस आघाडीने महाराष्ट्रात १५ वर्षे वापरला.

जुलै २०२५ आठवा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळातून घेतल्याचे आरोपींचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले. अपील सर्वोच्च न्यायालयात आहे आणि अंतिम शब्द तिथला. ३१ तारखेला मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील सातही जण सुटले. त्यांतल्या प्रज्ञासिंह ठाकूर यांनी दहशतवादविरोधी पथकाच्या (एटीएस) कोठडीत छळ झाल्याचा आरोप वारंवार केला आहे. २०१९ ते २०२४ त्या स्वतः लोकसभेत होत्या. त्या पाच वर्षांतही कायदा झाला नाही. पहिल्या निकालाने धक्का बसलेल्या अनेक नेत्यांनी दुसऱ्याचे स्वागत केले. कोठडीत काय घडले, हे दोन्ही वेळा एकाच काट्याने तोलायला हवे होते.

लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली. त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी उत्तर मिळाले ते असे. मार देऊन घेतलेली कबुली न्यायालयात टिकली नाही, की खरा गुन्हेगार कोण हा प्रश्न तसाच उरतो. छळाची किंमत आरोपीइतकीच मृतांच्या नातेवाइकांनाही मोजावी लागते. तपास अधिकाऱ्यालाही वरून फोन येतात: दोन दिवसांत आरोपी हजर करा. ते फोन कोण करते, हे आपल्याला ठाऊक आहे.

माझे मागणे साधे आहे. कराराला अनुमोदन द्या. विधी आयोगाच्या मसुद्यावर चर्चा घडवा. कोठडीत जखम झाली, तर ती कशी झाली हे सांगण्याची जबाबदारी पोलिसांवर टाका; आयोगाने तेही सुचवले आहे. आणि येत्या अधिवेशनात सत्ताधारी व विरोधी खासदारांनी एकाच निवेदनावर सह्या करून ते केंद्रीय गृहमंत्र्यांना द्यावे. आज सत्तेत असलेल्यांची सही त्यावर आधी हवी, कारण विरोधात बसल्यावर केलेल्या सहीने आजवर कुणाचाही मार वाचलेला नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
महाराष्ट्रातील एक मतदार