गच्चीवरचे पाणी गटारात आणि टँकर दारात

मे महिन्यात सकाळी सातारा-देवळाई परिसरात एक फेरी मारा. कुठल्या ना कुठल्या गल्लीत टँकरचा जाड पाइप कंपाउंडवरून आत गेलेला दिसेल. त्याच घराच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे कामही सुरू असेल. जून लागला की त्याच घराच्या गच्चीवरचे पाणी पन्हाळीतून धो धो पेव्हरवर पडते, तिथून रस्त्यावर येते आणि रस्त्यावरून नाल्यात जाते. पुढच्या मे महिन्यात पुन्हा टँकर.

घरासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायची हौस हल्ली वाढली आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून कुणी भिंत रंगवतो, कुणी फळ्या ठोकून कपाट करतो, कुणी गच्चीवर कुंड्यांची बाग फुलवतो. चांगलेच आहे. पण छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाने सुट्टीचे दोन रविवार एकाच कामाला द्यायचे असतील, तर ते छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या कामाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगरंगोटी दिवाळीला करता येते. हे काम मात्र मृगाच्या आधी व्हायला हवे.

छत किती पाणी देते?

आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांचे छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. गुणाकार केला तर एका पावसाळ्यात ६५ हजार लिटर पाणी त्या छतावर पडते. उडालेले, वाहून गेलेले, पहिल्या पावसाचे सोडून दिलेले असे २० टक्के वजा करा. तरी ५२ हजार लिटर उरतात. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर दहा टँकर. पावसाने दगा दिलेल्या वर्षी निम्मे धरा, तरी पाच.

शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीतून. धरण खाली, शहर उंचावर, त्यामुळे प्रत्येक थेंब विजेने वर चढवावा लागतो. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या वाढत्या शहराला पुरल्या नाहीत. सुरुवातीला १६८० कोटींची आणि पुढे २७४० कोटींवर गेलेली नवी योजना आली, तिची वाट पाहण्यात शहराची कितीतरी वर्षे गेली. नळाला रोज पाणी हा आपला हक्कच आहे, तो महापालिकेकडे मागत राहिलेच पाहिजे. पण नळाचे भांडण सुरू आहे म्हणून छतावरचे पाणी गटारात सोडायचे, हे काही पटत नाही.

याच शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधून दिली. डोंगराकडे जमिनीत मुरलेले पाणी उताराने शहरात आणायचे, अशी ती योजना. पाणचक्कीला गेलेल्या प्रत्येकाने नहरीच्या पाण्याची करामत पाहिली आहे. देवगिरी किल्ल्यावर हत्ती हौद आहे. पाणी साठवायचे आणि मुरवायचे हे शहाणपण इथल्या मातीला नवे नाही. मध्येच आपण ते विसरलो, कारण बोअरची मशीन आली.

टाकी की जमीन?

बरेच जण इथेच चुकतात. हजार लिटरची टाकी पन्हाळीखाली ठेवली की काम झाले असे त्यांना वाटते. ती टाकी एका चांगल्या सरीत, दहा-पंधरा मिनिटांत भरते. त्यानंतरचे सगळे पाणी वाहून जाते. शिवाय ती भरते ऑगस्टमध्ये, टंचाई येते एप्रिलमध्ये. कपडे, फरशी, झाडे यांसाठी ड्रम जरूर ठेवा, पण ड्रम भरून वाहू लागल्यावर जादा पाणी खड्ड्याकडे वळले पाहिजे. ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधा. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो, आणि डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

खड्डा खणण्याआधी एक साधी परीक्षा करा. कुदळीने फूटभर खोल खड्डा करा, त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. पाणी जिरले असेल तर जागा चांगली. तसेच उभे असेल तर तिथे काळी माती आहे, ती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही. अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूम लागला नाही तर खड्डा हा नुसता खड्डाच राहतो.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. पहिल्या वर्षी उत्साहात घराच्या भिंतीला लागूनच खड्डा घेतला, तोही काळ्या मातीत तीन फुटांवर थांबवला. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात तो तुडुंब भरला आणि पाण्याने भिंतीची वाट धरली. आतल्या खोलीच्या भिंतीची ओल दिवाळीपर्यंत गेली नाही. घरच्यांनी काय ऐकवले असेल, ते लिहीत नाही. पायापासून किमान दहा फूट लांब, आणि शौचालयाच्या टाकीपासून जितके दूर जाता येईल तितके दूर, हा नियम तेव्हापासून पाळतो.

लांबी-रुंदी तीन-तीन फूट आणि खोली पाच फूट असा खड्डा एका घराला सुरुवातीला ठीक. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू. वाळूखाली नायलॉनची जाळी टाकली तर वाळू खडीत घसरत नाही आणि दोन वर्षांनी वरचा थर काढून धुणे सोपे जाते. दगडांमुळे खड्ड्यात प्रत्यक्ष पाणी मावते पाचशे लिटरच्या आसपास, म्हणून पाणी मुरण्याचा वेग महत्त्वाचा आणि जादा पाण्याला बाहेर जायची वाट ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. कमरेच्या वर खोल जायचे असेल तर एकट्याने खणू नका. भुसभुशीत कडा ढासळते तेव्हा आवाजही होत नाही.

पहिला पाऊस सोडून द्या

छतावर आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची घाण, वाळलेली पाने असतात. जूनच्या आधी गच्ची झाडून धुवून काढा, पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावा. तरीही पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेरच गेले पाहिजे. बाजारात त्यासाठी यंत्रे मिळतात. पन्हाळीच्या पाइपला एक टी जोडून खाली टोपी लावलेला उभा पाइपही पुष्कळ जण लावतात. पण हिशेब करा. चार इंची पाइपमध्ये मीटरला जेमतेम आठ लिटर पाणी मावते. तीन मीटरचा तुकडा लावला तरी पंचवीसच लिटर. हजार फुटांच्या छतावर नुसता एक मिलिमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटर होतात. म्हणून मला साधा उपाय आवडतो. टीच्या दोन्ही फाट्यांना एकेक व्हॉल्व्ह लावायचा, पहिल्या सरी बाहेर सोडायच्या आणि पाणी नितळ दिसू लागले की खड्ड्याकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. पावसात छत्री घेऊन एकदा उतरावे लागते, एवढेच.

एवढ्या छताला मुसळधार पावसात चार इंची एक पाइप कमी पडू शकतो, दोन असलेले बरे. पाइप उन्हात तडकतो, म्हणून उघड्यावरचा भाग रंगवून घ्या. गच्ची आधीच गळत असेल तर आधी गळतीचे काम करा. काही वेळा दोष कोब्याचा नसतो, तुंबलेल्या पन्हाळीचा असतो.

स्वतः करू नये ते

बोअरमध्ये थेट छताचे पाणी सोडू नका. गाळ गेला की भेगा बुजतात, मोटर अडकते आणि चांगला बोअर हातचा जातो. केसिंगला भोके पाडून भोवती गाळणीचा खड्डा करायचा असतो, ते काम बोअरच्या माहितगार माणसाकडूनच करून घ्या. बंद पडलेला बोअरही यासाठी उपयोगी पडतो. तो उपयोगात आणायचा नसेल तर निदान त्याचे तोंड पक्के बंद करा, उघडा बोअर लहान मुलांसाठी काळ आहे. नळाच्या लाइनला थेट मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे हे तर घरकामच नव्हे. आणि छताचे पाणी प्यायला घेऊ नका.

अंगणाबद्दल एकच गोष्ट. सगळे अंगण सिमेंटखाली घालू नका. गाडीच्या चाकांपुरते पेव्हर बसवा आणि कंपाउंडच्या कडेने दोन फुटांची मातीची पट्टी ठेवा. त्यात कढीपत्ता, जास्वंद, कण्हेर काहीही लावा. गाडी धुतलेले पाणी मात्र त्या पट्टीत सोडू नका.

आमच्याकडे जागाच नाही

सिडको-हडकोतल्या रो हाउसवाल्यांचा हा प्रश्न खरा आहे. समोर दहा फूटही जागा नसते. तिथे माझा दहा फुटांचा नियम मोडून खड्डा घ्या असे मी सांगणार नाही. पण एका ओळीतल्या पाच-सहा घरांनी आपल्या पन्हाळी एकाच पाइपमध्ये घेऊन कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत एकच मोठा खड्डा करायला काय हरकत आहे? जागा सार्वजनिक असेल तर महापालिकेची परवानगी घ्यावी लागेल. खर्च वाटून जातो आणि कामही वाटून जाते.

पण इथे हमखास एक जण विचारतो, मी मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या बोअरला गेले तर? जाईल. खडकाच्या भेगांना सातबारा कळत नाही. आमच्या खड्ड्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या बोअरपेक्षा मागच्या घराच्या बोअरला पाणी जास्त दिवस टिकले. मला आधी थोडे लागलेच. पण त्या घरच्या काकांनी मार्चमध्ये आपल्याकडे खड्डा खणायला घेतला आणि मला विचारायला आले की वाळू आधी टाकायची की खडी. आता त्यांच्या शेजारच्या घरातही कुदळ आली आहे. खड्डा पाच फुटांवर गेला तरी मुरूम लागलेला नाही, म्हणून या रविवारी आम्ही तिघे मिळून आणखी खाली जाणार आहोत.