पुणतांब्याचा स्विंग

पुणतांबा म्हटलं की चांगदेवांची समाधी आठवते, २०१७चा शेतकरी संप आठवतो. स्विंग, म्हणजे जॅझच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत, कुणालाच आठवत नाही. तरी १९१८ साली याच गोदाकाठच्या गावात रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. तेच पुढे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे अण्णा झाले.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्विंग पुन्हा उसळला. कॅलिफोर्नियात १९८९ साली निघालेला ‘बिग बॅड वूडू डॅडी’ हा बँड ‘स्विंगर्स’ (१९९६) या चित्रपटात झळकला आणि १९९९च्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरापर्यंत पोहोचला. त्यांचं पुनरुज्जीवन टिकलं, कारण जुन्या टोप्या-सुटांच्या आत गाणी नवी, स्वतःची होती. निव्वळ नक्कल असती, तर लग्नाच्या वरातीपलीकडे गेली नसती. (वरातीच्या बँडला कमी लेखायचं नाही, सॅक्सोफोन आपल्या खेड्यांनी ऐकला तो तिथेच.)

अण्णांनी हेच आधी केलं होतं. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस ‘शहनाई’त (१९४७) आणि ‘अलबेला’त (१९५१) खुशाल पाश्चात्त्य ठेका घेऊन आला. सोबतीला गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. ‘अलबेला’च्या एका गाण्यात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. नोटेशन गोव्याचं, चाल देशी. आणि लगेच १९५३ साली याच माणसाचं ‘अनारकली’, स्विंगपासून अगदी दूरचं!

या अंकात अण्णांच्या त्या वाद्यवृंदाविषयी लिहिलं आहे. ‘अलबेला’ लावून वाचा, आवाज मोठा ठेवा.