यादीविना खरेदी



२०२५च्या या दिवाळीत लोकांच्या हाती चार पैसे जास्त राहावेत, अशी तजवीज वर्षभर होत आली आहे. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला. रिझर्व्ह बँकेने जूनपर्यंत रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.५०वर आणला. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, जीएसटीचे नवे दर आले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५वर उतरले. एसी आणि छोट्या मोटारी २८वरून १८वर. देशाच्या सकल उत्पन्नात घरांच्या खर्चाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे २०२६ साल कसे जाईल, हे बरेचसे आपल्या पिशवीत काय पडते यावर ठरणार. पैसा बाजारात येईल, याबद्दल मला शंका नाही. काळजी वाटते ती तो कसा खर्च होईल याची.

विचारपूर्वक खर्चाचा एक नमुना आपल्यापुढे आहे: २०२५मध्ये पन्नास वर्षे झालेली मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, पंचायत घाऊक भावाने माल घेते आणि वाटप सदस्यच करतात. स्वस्ताई हा तिचा फायदा सर्वांना दिसतो. मला त्याहून मोलाची वाटते ती यादी. ती लिहिण्यासाठी डबे उघडून पाहावे लागत. डाळ किती उरली, तेल जास्त का लागले, पुढच्या महिन्यात पाहुणे कोण, हे बोलणे घरात होत असे. घराचे अंदाजपत्रकच ते.

आता शहरांत दहा मिनिटांत सामान दारात येते. वस्तीतल्याच एखाद्या गाळ्यात गोदाम असते, दोन-तीन किलोमीटरचा परीघ, आणि मागणी येताच पिशवी भरून निघालेला दुचाकीस्वार. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, कामावरून रात्री उशिरा परतणाऱ्या बाईला याचा खरा आधार आहे. ही सोय नाकारण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण यादी संपली. कोथिंबिरीसाठी उघडलेल्या ॲपच्या पडद्यावर चॉकलेट दिसते, ते कुठे दिसावे यासाठी कंपनीने पैसे मोजलेले असतात, आणि बिलात हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचे शुल्क अशा ओळी वाढत जातात. महिन्यातून एकदा होणारा विचार दिवसातून तीनदा होऊ लागला की तो विचार राहत नाही, सवय होते.

या सवयीला खतपाणी घालणाऱ्या क्लृप्त्यांची दखल सरकारनेही घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा १३ फसव्या रचनांवर बंदी आणली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उघड होणारे शुल्क, हे सारे त्यात आहे. असे दिसले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला जरूर कळवा. तक्रार फार थोडे लोक करतात, म्हणूनच हे चालते.

येत्या वर्षाची सर्वांत मोठी गोष्ट मात्र उधारी आहे. वाण्याच्या वहीतली उधारी बहुधा बिनव्याजी असे, आणि तिच्यावर माणसाची नजर असे. बाकी थकली की तो हात आखडता घेई. त्या वहीने गरिबाला चारचौघांत लाजही आणली, हे विसरता येत नाही. पण आज फोनवर मिळणारे कर्ज कुणाची लाज राखत नाही आणि थांबवतही नाही. ‘नो कॉस्ट ईएमआय’चेच पाहा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच स्पष्ट केले होते. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली जाते, क्रेडिट कार्डावर घेतले तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहक भरतो, वर प्रक्रिया शुल्क. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार एकूण वार्षिक खर्च सांगणारा तक्ता आधी मिळायला हवा, आणि किमान एक दिवस कर्ज दंडाविना परत करण्याची मुभा हवी. हा तक्ता किती जण वाचतात?

२०२२-२३मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम ५ टक्क्यांवर आली होती, कित्येक दशकांतली नीचांकी. कर्ज वाढले की ही बचत घटते. सोने दहा ग्रॅमला लाखापलीकडे गेलेल्या वर्षी धनत्रयोदशीचे नाणेही हप्त्यावर घेण्याचा मोह होईल. तो टाळावा, असे मी स्पष्टच सांगेन.

शहरांपलीकडचे चित्र वेगळे आहे. २०२३-२४च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरांत ६,९९६. गावात त्यातला ४७ टक्के खाण्यावर जातो. तिथे साबणाची वडी दोन-तीन रुपयांनी उतरली तर तो दिलासा खरा असतो. मात्र तो पुड्यापर्यंत पोहोचला का, हे दुकानात विचारून घ्यावे लागेल.

या अंकाचा विशेष विभाग म्हणूनच घरखर्चावर आहे. लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती: आकडे लपवू नका. वाचकांनाही तीच विनंती. ऑक्टोबर महिन्याचा आपला खर्च लिहून पाहा, त्यात उधारीचा रकाना वेगळा ठेवा, आणि जमल्यास तो आम्हाला पाठवा. नावे न छापता त्यातले निवडक हिशेब आम्ही पुढच्या अंकात देऊ. 

— संपादक