अपघाताची वर्दी गाडीनेच द्यावी

28 जुलै 2018 चा शनिवार. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूर सोडल्यावर आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि 30 जणांचा जीव गेला. वाचलेला एकमेव प्रवासी झाडाझुडपांना धरत दरी चढून रस्त्यावर आला, त्याने बाहेर कळवले, तेव्हा कुठे हा अपघात जगाला समजला. पावसाळ्याचे दिवस, घाटाची वाट आणि कठड्याखाली काहीही न दिसणारी दरी. तो एक माणूस वर पोचू शकला नसता, तर शोध नेमका कुठून सुरू करायचा हेच ठरवायला किती तास गेले असते, याची कल्पनाही करवत नाही.

त्याच वर्षी, या अपघाताच्या चार महिने आधी, युरोपीय संघात एक नियम लागू झाला. 31 मार्च 2018 पासून मान्यतेसाठी येणाऱ्या मोटारींच्या आणि हलक्या व्हॅनच्या प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये ‘ई-कॉल’ यंत्रणा बंधनकारक झाली. मोठी धडक बसली की गाडी स्वतःच 112 हा आपत्कालीन क्रमांक लावते. ड्रायव्हर शुद्धीवर असो वा नसो, खिशातला मोबाईल शाबूत असो वा नसो, वर्दी जातेच.

ही यंत्रणा चालते कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारे सेन्सर धडकेचा इशारा एका छोट्या नियंत्रकाला देतात. या नियंत्रकाचे सिमकार्ड एरवी झोपलेले असते. ते कुठल्याही टॉवरशी बोलत नाही, त्यामुळे गाडी रोज कुठे फिरते याचा माग त्यातून काढता येत नाही. इशारा मिळाला की ते जागे होते, 112 ला फोन लावते आणि सर्वांत आधी माहितीचा एक छोटा गठ्ठा पाठवते. वेळ, ठिकाण, गाडीचा ओळख क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि गाडी कोणत्या दिशेने चालली होती, अशा मोजक्याच बाबी त्यात असतात. हा सारा ऐवज जास्तीत जास्त 140 बाइटचा. 70 अक्षरांच्या एका मराठी एसएमएसला तेवढीच जागा लागते. तो इंटरनेटवरून जात नाही. आवाजाच्याच मार्गावरून ध्वनिसंकेतांच्या रूपात जातो, म्हणजे साधा फोन लागण्याइतकी रेंज असली तरी काम भागते. त्यानंतर लाइन खुली राहते आणि नियंत्रण कक्षातला माणूस गाडीतल्या जखमींशी थेट बोलू शकतो.

दिशेचा उल्लेख किरकोळ वाटेल, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याला त्याचे मोल लगेच कळेल. दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला पोचलेल्या रुग्णवाहिकेला वळून येण्यासाठी मैलोन्‌मैल जावे लागते. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार ई-कॉलमुळे मदत पोचण्याचा वेळ शहरांत 40 टक्क्यांनी आणि ग्रामीण भागात 50 टक्क्यांनी कमी होऊ शकतो. ग्रामीण भागात फायदा जास्त, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जिथे बघणारे कुणी नसते, तिथेच गाडीने बोलण्याची गरज सर्वाधिक असते.

गाडीत बिनतारी यंत्र बसवण्याची धडपड मुळात सुरू झाली तीही अडचणीतल्या माणसापर्यंत लवकर पोचण्यासाठीच. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी 1921 पासून त्यावर काम सुरू केले. पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांनी हा विषय लावून धरला होता. अडचणी दोन होत्या. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी आणि इंजिनाच्या ठिणग्यांनी गाडीतला रेडिओ निकामी होई. शिवाय सरकारने परवाना दिला होता तो मनोरंजन केंद्राचा, त्यामुळे पोलिसांचे निरोप गाण्याबजावण्याच्या अधेमध्ये द्यावे लागत. सात वर्षांच्या खटपटीनंतर हादरे सोसणारा रेडिओ तयार झाला, पोलिसांना स्वतंत्र परवाना मिळाला आणि 7 एप्रिल 1928 पासून गस्तीच्या गाड्यांना नियमित निरोप जाऊ लागले. तेही एकतर्फी. गाडीतल्या शिपायाला ऐकू येई, उत्तर देता येत नसे.

गाडीतून सामान्य माणसाला फोन करता यायला 17 जून 1946 उजाडावा लागला. सेंट लुइस शहरात बेल कंपनीने ही सेवा सुरू केली. यंत्राचे वजन सुमारे 36 किलो, त्यामुळे ते डिक्कीत ठेवावे लागे. वापरण्याजोग्या वाहिन्या इतक्या कमी होत्या की एका वेळी शहरातले जेमतेम तीन जण बोलू शकत. त्यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी 1947 च्या डिसेंबरमध्येच कागदावर मांडला होता. शहराचे लहान लहान भाग करायचे, प्रत्येक भागाला आपला टॉवर द्यायचा आणि त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या. आजचा प्रत्येक मोबाईल याच कल्पनेवर चालतो. मात्र ती व्यावसायिक रूपात पहिल्यांदा अवतरली 1979 साली टोकियोमध्ये, आणि तीही मोटारीतल्या फोनसाठी. मधल्या 32 वर्षांत तंत्र सुधारत होते हे खरे, पण कोणत्या लहरी कुणाला द्यायच्या याचा अमेरिकी सरकारी निर्णयही वर्षानुवर्षे रखडला होता.

ई-कॉलचेही तेच झाले. मोटार कंपन्यांनी ही यंत्रणा स्वखुशीने बसवावी, म्हणून युरोपात बरीच वर्षे वाट पाहिली गेली. अखेर 2015 साली कायदा करावा लागला. सुरक्षेची साधने बाजाराच्या मर्जीवर सोडली तर ती आधी महागड्या गाड्यांत येतात आणि बऱ्याचदा तिथेच थांबतात. आपल्याकडेही काही कंपन्या अपघातानंतर आपोआप फोन लावण्याची सोय देतात, पण ती वरच्या श्रेणीच्या मॉडेलांत, आणि बऱ्याचदा सुरुवातीची काही वर्षे संपली की वर्गणी भरावी लागते. वर्गणी संपलेल्या गाडीतल्या माणसाचा जीव स्वस्त नसतो.

भारत या बाबतीत कोरी पाटी घेऊन बसलेला नाही, आणि म्हणूनच ढिलाई जास्त खटकते. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमध्ये झालेल्या अत्याचारानंतर प्रवासी वाहनांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे ‘एआयएस 140’ हे मानक तयार झाले आणि 1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. यंत्रात अंगचेच सिमकार्ड आहे, उपग्रहावरून ठिकाण कळण्याची सोय आहे, गाडीची वीज तुटली तरी चालणारी स्वतंत्र बॅटरी आहे. ई-कॉलला जे सामान लागते, त्यातले बहुतेक आपल्या बसमध्ये आधीच बसवलेले आहे. पण या यंत्रणेचा सगळा भर बटणावर आहे, आणि बटण दाबायला शुद्धीवर असलेला माणूस लागतो. दरीत कोसळलेल्या बसमध्ये बटण दाबणार कोण? धडक आणि उलटणे ओळखून इशारा आपोआप सुटेल, एवढी सक्तीची भर या मानकात घालणे हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड काम नाही. युरोपने मोटारींपासून सुरुवात केली, आपण बसपासून करावी.

कायदा आणि पैसा या दोन्ही आघाड्यांवर देशाने अलीकडे चांगली पावले टाकली आहेत. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली. गंभीर इजा झाल्यापासूनचा पहिला तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, तो हा तास. मे 2025 मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. पण हा तास अपघाताच्या क्षणी सुरू होतो, वर्दी मिळाल्याच्या क्षणी नाही. कळायलाच पाऊण तास गेला, तर रुग्णालय, डॉक्टर आणि दीड लाखांची तरतूद हे सगळे असूनही हाती पंधरा मिनिटे उरतात. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली, त्यातली 15,224 महाराष्ट्रातली. यातली किती वेळेत मदत मिळाली असती तर वाचली असती, हे सांगणे कठीण आहे. एकही वाचले नसते, असे मात्र कुणीच म्हणणार नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप दुचाकींचा. 2022 मधल्या मृत्यूंपैकी 44.5 टक्के दुचाकीवरचे होते, मग मोटारी आणि बसमध्ये यंत्रे बसवून काय साधणार? दुचाकीसाठी वाट मोबाईलची आहे. धडक ओळखून आपोआप आपत्कालीन फोन लावणारे मोबाईल काही वर्षांपासून मिळतात. अशा फोनने रोलर कोस्टरमध्ये बसलेल्यांना किंवा बर्फावर घसरणाऱ्यांना अपघातग्रस्त समजल्याच्या घटना परदेशात घडल्या हे खरे, पण चुकीचा फोन आला तर एका कर्मचाऱ्याची दोन मिनिटे जातात आणि न आलेल्या फोनने माणूस जातो. ही सोय महागड्या फोनपुरती राहू नये, यासाठी सरकारला नियम करता येतो. 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये आपत्कालीन बटण असले पाहिजे, असा नियम आपल्याच दूरसंचार विभागाने केला होता.

दुसरा आक्षेप रेंजचा. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोली घाटात ज्याचा फोन मुका झाला आहे, तो विचारणारच की यंत्र तरी काय बोलणार. मोबाईलच्या मानकांत आपत्कालीन फोनसाठी खास तरतूद आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो जाऊ शकतो. पण टॉवरच नसेल तर सगळेच खुंटते. म्हणून घाटरस्त्यांवरच्या टॉवरकडे ग्राहकसंख्येच्या हिशोबाने पाहता कामा नये. कठडा आणि वळणाचा फलक जसा रस्त्याचा भाग मानला जातो, तसाच टॉवरही मानला पाहिजे, आणि त्याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

तिसरा मुद्दा सहसा कुणी काढत नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. गाडी पंधरा वर्षे धावते, मोबाईलचे जाळे तेवढे टिकेलच असे नाही. अमेरिकेत 2008 मध्ये जुनी अॅनालॉग सेवा बंद झाली, तेव्हा जनरल मोटर्सच्या ऑनस्टार सेवेची जुनी यंत्रे एका झटक्यात निरुपयोगी झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये एटी अँड टीने थ्री जी बंद केले आणि अनेक कंपन्यांच्या धडधाकट गाड्यांमधला आपत्कालीन फोन पुन्हा मुका झाला. युरोपातली सुरुवातीची ई-कॉल यंत्रे टू जी आणि थ्री जीवर चालणारी, म्हणून तिथे 2026 पासून नव्या मॉडेलांना फोर जीवर चालणारी आवृत्ती सक्तीची केली आहे. आपण उशिरा निघालो आहोत, त्याचा एवढा तरी लाभ घ्यावा. आज नियम करताना जुन्या जाळ्यावर विसंबणारे एकही यंत्र मान्य करू नये.

गाडीतल्या पडद्यावर चित्रपट, खरेदी आणि गप्पांची सोय करण्यात कंपन्यांची हुशारी खर्च होत आहे, ही दिशाही तपासली पाहिजे. गाडी चालवताना फोनवर बोलल्याने अपघाताचा धोका चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्राने तो कमी झाल्याचे दिसत नाही, असे रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांच्या अभ्यासातून 1997 मध्येच समोर आले होते. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2026 पासून पूर्ण गुण मिळवण्यासाठी हॉर्न, वायपर आणि दिशादर्शक दिव्यांबरोबर आपत्कालीन फोनचेही खरेखुरे, हाताला लागणारे बटण मागितले आहे. भारत एनकॅपने ही अट उचलायला हवी.

करायचे काय ते स्पष्ट आहे. केंद्राने एआयएस 140 मध्ये धडकेचा आपोआप इशारा सक्तीचा करावा आणि खासगी मोटारींसाठी ई-कॉलचा कालबद्ध नियम आणावा. या फोनचे सिमकार्ड एरवी निद्रिस्त राहील, अशी अट त्यात कायद्यानेच घालावी. राज्याला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. बसवलेली यंत्रे खरोखर चालतात की नाही, हे आरटीओला फिटनेस तपासणीतच पाहता येते. निरीक्षकाने प्रत्येक बसचे आपत्कालीन बटण दाबावे, नियंत्रण कक्षात इशारा किती सेकंदांत पोचला ते नोंदवावे आणि तो न पोचलेल्या बसला प्रमाणपत्र नाकारावे. परिवहन विभागाने ही आकडेवारी दर तीन महिन्यांनी जिल्हावार जाहीर करावी, आणि त्याची सुरुवात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या घाटांच्या जिल्ह्यांपासून, पुढच्या पावसाळ्याआधी करावी.