अभय कोणास ?

‘अभय’ हा शब्द अलीकडे महाराष्ट्रांत फार स्वस्त झाला आहे. मुद्रांकशुल्क बुडविणाऱ्यांसाठीं राज्य सरकारनें डिसेंबर २०२३ मध्यें जी योजना काढली तिचें नांवच ‘मुद्रांक शुल्क अभय योजना’. १ जानेवारी १९८० पासून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या, म्हणजे एकेचाळीस वर्षांच्या दस्तांस तिनें आपल्या पदराखालीं घेतलें. मिळकतकराच्या थकबाकीदारांस पुणें महानगरपालिका दंडांत सूट देते तेव्हां तीही अभय योजनाच. गुंठेवारीच्या बेकायदा बांधकामांस २००१ च्या कायद्यानें १ जानेवारी २००१ ही मर्यादा घालून दिली होती. २०२१ सालीं ती एका उडीसरशी ३१ डिसेंबर २०२० वर नेऊन ठेवण्यांत आली. प्राप्तिकर चुकविणाऱ्यांस १९९७ सालीं स्वेच्छेनें उत्पन्न प्रकट करण्याची संधि मिळाली, सुमारें तेहेतीस हजार कोटि रुपये उजेडांत आले, आणि अशी संधि पुन्हां दिली जाणार नाहीं असें सरकारनें सर्वोच्च न्यायालयास सांगितलें. २०१६ सालीं तिचीच धाकटी बहीण जन्मास आली.

या सर्व अभयांबद्दल आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत कोणी शोक केल्याचें ऐकिवांत नाहीं. शेवटची तारीख कोणती याची चौकशी करून आपण निमूटपणें रांगेंत उभे राहिलों. परंतु हाच शब्द जमीन, इमारत आणि तिजोरी यांना सोडून मनुष्यास लावूं म्हटलें कीं, याच वर्गाची न्यायबुद्धि एकाएकीं जागी होते. बांगलादेशांतून वा अन्य देशांतून परवान्यावांचून आलेला, दहा-वीस वर्षें मुंबई, ठाणें, पुणें येथें राबत असलेला जो इसम आहे, त्यास कांहीं अटींवर येथें राहूं द्यावें काय, असा प्रश्न निघतांच, “कायदा मोडणाऱ्यास बक्षीस ? एकेकास उचलून सीमेपार टाका !” हें उत्तर तयार असतें. हें उत्तर अन्यायाचें आहे आणि वर निरुपयोगीही आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

“सीमा आणि सदनिका यांची तुलना कशी होईल ? सीमा हा राष्ट्राचा देह आहे,” असा आक्षेप येथें कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. राष्ट्रानें आपल्या सीमेवर कोणास आंत घ्यावें हें ठरविण्याचा हक्क मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग ‘कायदा मोडणाऱ्यास क्षमा नाहीं’ हें सामान्य तत्त्व तरी सोडून द्या. कारण तें तत्त्व आपण कधींच पाळलेलें नाहीं. क्षमा केव्हां हिताची व केव्हां अहिताची, एवढाच वाद उरतो, आणि तो वाद तत्त्वाच्या उसन्या आवेशानें सुटणारा नाहीं. त्यास वस्तुस्थिति पाहावी लागते.

पहिली वस्तुस्थिति अशी कीं, हिंदुस्थाननें असें अभय पूर्वींच दिलेलें आहे, आणि तेंही एकदां नव्हे. १५ ऑगस्ट १९८५ रोजीं आसामचा करार झाला. १ जानेवारी १९६६ पूर्वीं आलेल्यांस नागरिकत्व मिळालें. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांचीं नांवें मतदारयादींतून दहा वर्षांपुरतीं काढावीं व ती मुदत संपल्यावर त्यांस पूर्ण नागरिकत्व द्यावें, असें ठरलें. नागरिकत्वाच्या कायद्यांत यासाठीं घातलेलें ६-अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२४ रोजीं चार विरुद्ध एक अशा बहुमतानें वैध ठरविलें. दुसरें अभय २०१९ च्या दुरुस्तीचें. पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस तिनें नागरिकत्वाचें दार उघडलें. ११ मार्च २०२४ रोजीं तिचे नियमही निघाले. सप्टेंबर २०२५ मध्यें याच समाजांतील ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांस कागदपत्रांच्या अभावीं होणाऱ्या शिक्षेंतून सूट मिळाली. म्हणजे दहा वर्षांची आणखी एक मुदतवाढ ! याच समाजांतील लोकांस नागरिकत्व देण्याचे अधिकार डिसेंबर २०१६ पासून कांहीं निवडक जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, आणि त्यांत मुंबई, ठाणें, नागपूर यांच्या जोडीस पुण्याचेही जिल्हाधिकारी होते. तेव्हां ‘अभय द्यावें कीं न द्यावें’ हा प्रश्न निकालांत निघालेला आहे. उरला आहे तो कसोटीचा प्रश्न.

आज ती कसोटी धर्माची आहे. तिच्या समर्थनार्थ छळाचें कारण सांगतात. आणि पाकिस्तानांतील हिंदूंवर जी आपत्ति येते ती खोटी आहे असें कोण म्हणेल? पण छळ ही कसोटी असेल तर छळाची चौकशी करा. पाकिस्तानांतील अहमदी, अफगाणिस्तानांतील हजारा यांचाही छळ झालेला आहे. त्यांचें नांव यादींत नाहीं. उलट यादींतील समाजाचा मनुष्य केवळ पोटासाठीं आला असला तरी तो आंत. आपणांकडे निर्वासितांसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही आपली सही नाहीं. त्यामुळें निर्वासित कोण व घुसखोर कोण हें व्यक्तीच्या हकीकतीवरून न ठरतां सरकारी अधिसूचनेवरून ठरतें. ही न्यायाची रीत नव्हे.

दुसरी वस्तुस्थिति ‘हाकलून द्या’ या मसलतीची. हाकलावयाचे किती ? जुलै २००४ मध्यें केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनीं संसदेंत १ कोटि २० लाखांहून अधिक हा आकडा सांगितला, आणि थोड्याच दिवसांत तो ऐकीव माहितीवर आधारलेला आहे म्हणून मागें घेतला. २०१६ सालीं दुसऱ्या सरकारच्या मंत्र्यांनीं दोन कोटि सांगितले. ज्या राज्यांत प्रत्यक्ष मोजणी झाली त्या आसामांत ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादींतून १९ लाख ६ हजार ६५७ लोक वगळले गेले. आणि ज्यांनीं ही यादी मोठ्या अट्टाहासानें मागितली होती त्यांपैकीं पुष्कळांनीं ती हातीं पडतांच अमान्य केली.

बरें, हाकलावयाचे कोणास ? जुलै १९९८ मध्यें मुंबई पोलीस बांगलादेशी म्हणून पकडलेल्या लोकांस हावड्याच्या गाडीनें नेत असतां पश्चिम बंगालांत उलुबेरिया येथें जमावानें गाडी अडविली व त्यांस सोडविलें. हे आमचेच बंगाली लोक आहेत असा तेथील लोकांचा दावा होता. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, जून २०२५ मध्यें, महाराष्ट्रांत पकडून सीमेपार लोटलेले कांहीं बंगाली मजूर पश्चिम बंगालचेच रहिवासी निघाले, आणि त्या सरकारनें मध्यें पडून त्यांस परत आणविलें. आपल्याच नागरिकास परक्या देशांत ढकलून देणें यापरतें नागरिकत्वाचें दुसरें विडंबन कोणतें ? १९४६ च्या परकीयांसंबंधींच्या कायद्यानें आपण परके नाहीं हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेंही तो तेथेंच ठेवला आहे. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असल्यानें कोणी नागरिक ठरत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें बजावलें. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. पण मग वाचकहो, आपल्या कपाटांत नागरिकत्वाचा दुसरा कोणता कागद आहे, हें एकदां काढून पाहावें. आपणांस तो कोणी मागत नाहीं, एवढेंच आपलें भाग्य. बंगाली बोलणाऱ्या गवंड्यास तो मागतात.

आतां विरोधकांचे खरे बळकट मुद्दे घेऊं. पहिला असा कीं, एकदां क्षमा केली कीं आणखी लोंढे येतात. या म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेनें १९८६ च्या कायद्यान्वयें सुमारें सत्तावीस लाख लोकांस कायदेशीर केलें. वीस वर्षांनीं तेथें परवान्यावांचून राहणारे कोटीच्या वर होते. आपल्याकडेही झोपड्यांच्या संरक्षणाची १ जानेवारी १९९५ ही तारीख २००० वर गेली, आणि पैसे भरून घर घेण्याच्या अटीवर पुढें २०११ पर्यंत सरकली. तारीख सरकते हें ज्यास ठाऊक आहे तो पुढच्या तारखेची वाट पाहत बसणारच. पण या दोन्ही उदाहरणांतील दोष कोठें आहे तें नीट पाहावें. अमेरिकेच्या कायद्यांत बेकायदा मजूर जाणूनबुजून ठेवणाऱ्या मालकास शिक्षा सांगितली होती. ती क्वचितच झाली. क्षमा मजुरास मिळाली आणि सूट मालकास. आमच्याकडे तर मालकाचें नांवही कोणी घेत नाहीं. पोलिसांची धाड बांधकामावर पडते, मजूर गाडींत बसतो, आणि दुसऱ्या दिवशीं तोच मुकादम दुसरी टोळी घेऊन येतो. लोंढा थांबवावयाचा तर दंड मुकादम, ठेकेदार व बांधकाम व्यावसायिक यांच्यापर्यंत पोहोंचला पाहिजे.

दुसरा मुद्दा पोटाचा. परके येतात म्हणून मराठवाड्यांतून व विदर्भांतून आलेल्या मजुराची मजुरी पडते, असें म्हणतात. पडते हें खरें. पण कां पडते? परक्यास तक्रार करतां येत नाहीं म्हणून. किमान वेतनाहून कमी दिलें, पाड कोसळून हात गेला, बांधकाम मजुरांसाठीं कायद्यानें जो उपकर घेतला जातो त्यांतून एक छदाम मिळाला नाहीं, तरी तो पोलीस चौकीची पायरी चढणार नाहीं. असा मुका मजूर ठेकेदारास नेहमींच प्रिय. त्यास वाचा द्या, म्हणजे त्याचा स्वस्तपणा जाईल, आणि शेजारीं उभ्या असलेल्या बीडच्या वा वाशिमच्या मजुराची मजुरीही सांवरेल. तिसऱ्या, सुरक्षिततेच्या मुद्द्यासही हेंच उत्तर आहे. ज्याचें छायाचित्र, बोटांचे ठसे व पत्ता सरकारदप्तरीं आहेत तो माणूस, खोट्या नांवानें दलालाच्या आश्रयास राहणाऱ्या माणसाहून राज्यास अधिक सोयीचा नव्हे काय ?

दुसऱ्या बाजूचे आमचे दयाळू मित्र ‘सर्वांस सरसकट नागरिकत्व द्या’ म्हणतात, त्यांचेंही मत मला ग्राह्य वाटत नाहीं. ज्या अभयास किंमत पडत नाहीं आणि शेवट नाहीं, तें मतांच्या व्यापाराचें साधन होतें, आणि येथील गरीब नागरिकाच्या मनांत कायमचें शल्य ठेवून जातें.

मार्ग मधला आहे, आणि त्याचा नमुना ६-अ कलमांतच आहे. दहा वर्षांचें वास्तव्य सिद्ध करील त्यानें एका वर्षाच्या आंत स्वतः येऊन नोंद करावी, ठसे द्यावे, दंड भरावा. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यास हें दार बंद असावें. बाकीच्यांस राहण्याचा व काम करण्याचा परवाना मिळावा. दहा वर्षें मत नाहीं, त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज. धर्म विचारूं नये. यापुढें येईल त्यास न्यायाधिकाऱ्यासमोर उभें करून, त्याच्या देशाची खातरजमा झाल्यावरच परत पाठवावें. आणि त्यास कामास ठेवणाऱ्यास तुरुंग दाखवावा. मत नसल्यामुळें राजकीय पक्षांचा लोभ जाईल, मालकास दंड असल्यामुळें लोंढ्याचें आमिष जाईल.

हें ऐकून कोणास हंसूं आलें तर त्यानें ५ फेब्रुवारी २०२५ चा दिवस आठवावा. अमेरिकेच्या लष्करी विमानांतून हातापायांत बेड्या घातलेले १०४ भारतीय त्या दिवशीं अमृतसरला उतरले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्या बेड्या पाहून आपणां सर्वांस संताप आला. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संयुक्त अरब अमिरातींनीं मुदत संपलेल्यांस दंड माफ केला, तेव्हां आपल्याच वकिलातीनें भारतीयांस तिचा लाभ घेण्याचें आवाहन केलें. तेथें अभय मागणारे आपण, येथें तें उच्चारण्यासही तयार नसावें ?

शेवटीं एका मुलाचा विचार करावा. ३ डिसेंबर २००४ नंतर येथें जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकीं एकजण जरी बेकायदा आलेला असला, तरी तें मूल जन्मानें नागरिक होत नाहीं. २००५ सालीं पुण्यांत जन्मलेलें असें मूल आज विशी ओलांडून गेलें आहे. तें मराठी बोलतें, महापालिकेच्या शाळेंत शिकलें आहे, त्यानें कोणतीही सीमा ओलांडलेली नाहीं. ज्या देशाचें तें आहे असें आपण म्हणतों त्या देशाच्या दप्तरीं बहुधा त्याचें नांव नाहीं. त्यास कोठें पाठवावयाचें, कोणत्या कागदावर, आणि कोणत्या अपराधासाठीं ? अभयास विरोध करणाऱ्यांनीं इतर कांहीं सांगण्यापूर्वीं निदान एवढें तरी सांगावें.