सर्व्हर मोठा घेतला, पण पडल्यावर उठायला किती वेळ लागतो?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की आता कुणी भांडतसुद्धा नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन असो, दस्तनोंदणी असो, नाहीतर भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख. फारच बोंबाबोंब झाली की ठरलेलं उत्तर येतं: सर्व्हरची क्षमता वाढवतोय. म्हणजे मोठं मशीन, जास्त रॅम आणि नवं टेंडर.

आज थोडं तांत्रिक लिहितोय. पण वाचा, कारण पैसा आपला आहे. मशीन मोठं केलं की बंद पडलेली यंत्रणा लवकर उभी राहते, हा समज चुकीचा आहे. काही वेळा तर उलटंच होतं.

कसं ते सांगतो. जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खतावणी. डेटाबेसही तसाच चालतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत जातो. खतावणीची पानं मात्र रॅममध्ये उघडून ठेवलेली असतात. त्या जागेला बफर कॅश म्हणतात. तिथली बदललेली पानं नंतर सावकाश डिस्कवर उतरतात.

आता वीज गेली किंवा मशीन कोसळलं. रॅममधलं सगळं पुसलं गेलं, पण रोजकीर्द शाबूत आहे. चालू झाल्यावर डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासून रोजकीर्द वाचतो आणि एकेक नोंद पुन्हा लावत जातो. याला क्रॅश रिकव्हरी म्हणतात. ती पूर्ण होईपर्यंत बाहेर रांगेतला माणूस "सर्व्हर डाऊन" ऐकत उभा असतो.

उदाहरण म्हणून पोस्टग्रेस घेऊ. हा फुकट मिळणारा ओपन सोर्स डेटाबेस जगभर वापरात आहे. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं, असं केंद्राचं धोरणही २०१५ पासून आहे.

रोजकीर्द वाचताना मध्येच नोंद येते की अमुक टेबल रिकामं केलं किंवा काढून टाकलं. अशा वेळी त्या टेबलची कॅशमधली पानं बाद करावीच लागतात. नाहीतर जी वहीच राहिली नाही तिची शिळी पानं डिस्कवर उतरवायचा घोळ व्हायचा. प्रश्न एवढाच की ती पानं शोधायची कशी?

पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपर्यंत उत्तर सरळ होतं: सगळी कॅश पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायची. एक पान ८ केबीचं. मूळ सेटिंगप्रमाणे कॅश १२८ एमबी असते, म्हणजे १६,३८४ पानं. ती क्षणात चाळून होतात. पण क्षमता वाढवून कॅश १०० जीबी केली की पानं होतात सुमारे १ कोटी ३१ लाख. टेबल दहा पानांचं असलं तरी चाळायची सव्वा कोटीच्या वर! रात्रीच्या कामात वेगवेगळ्या व्यवहारांत अशी हजार टेबलं भरून रिकामी केली असतील, तर तपासण्या तेराशे कोटींच्या पुढे. रोजच्या कामात हा भार अनेक प्रोसेसमध्ये वाटला जातो. रिकव्हरीत रोजकीर्द लावणारी प्रोसेस एकटीच असते. म्हणजे मशीन जेवढं मोठं, तेवढं हे काम लांबतं.

यावरचा उपाय ३० सप्टेंबर २०२१ ला आलेल्या १४ व्या आवृत्तीत आहे. हे काम कर्क जेमिसन यांच्या नावावर आहे आणि त्यातली युक्ती साधी आहे. रिकव्हरीत टेबल वाढवणारी प्रोसेस एकच असल्यामुळे टेबल किती पानांचं आहे हे तिला खात्रीने लक्षात ठेवता येतं. दहा पानं असतील तर सूचीत त्या दहाच नोंदी बघायच्या, सापडतील ती बाद करायची, विषय संपला. कितवं पान नेमकं कुठे ठेवलंय हे सांगणारी सूची कॅशला आधीपासून होतीच.

मला जास्त आवडला तो त्यातला सावधपणा. टेबलच्या आकाराची खात्री नसेल, तर मुकाट्याने जुनीच पद्धत. बाद करायची पानं कॅशच्या एक बत्तीसांशापेक्षा जास्त असतील, तरीही जुनीच पद्धत, कारण तेवढी पानं एकेक करून शोधण्यात फायदा नाही. घाईपायी एकही शिळं पान मागे राहता कामा नये, हे आधी पाहिलं आणि वेग नंतर.

आता मुद्द्यावर येतो. या सुधारणेला लायसनचा एक रुपया लागत नाही. लागते ती फक्त आवृत्ती बदलायची मेहनत, आणि आपलं घोडं तिथेच अडतं. नव्या मशीनचं उद्घाटन होतं, फोटो येतो. आवृत्ती बदलल्याचा फोटो कोण काढणार? उलट बदलताना काही बिघडलं तर संबंधित कर्मचाऱ्याच्या मानगुटीवर बसायला सगळे तयार. मग तो म्हणतो, चालू आहे ना, कशाला हात लावायचा? त्याचंही चूक नाही. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षंच दुरुस्त्या मिळतात. १३ व्या आवृत्तीच्या नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबल्या. त्यानंतरही जो ती चालवत राहतो, तो वेगच नाही तर सुरक्षाही गमावतो.

सगळ्या "डाऊन"चं कारण हेच असतं असं मी म्हणत नाही. कधी नेटवर्क जातं, कधी शेवटच्या दिवशी लाखो लोक एकदम येतात. मोठी कॅश रोजच्या कामाला उपयोगीच असते, ती कमी करा असंही नाही. म्हणणं इतकंच की क्षमता आणि सावरण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पैसे पहिल्यावर घालतो आणि भरवसा दुसऱ्याचा धरतो.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेच्या टेंडरमध्ये रॅमच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा हवा: यंत्रणा कोसळल्यावर किती मिनिटांत उभी राहील. हा आकडा कागदावरचा नको. खऱ्या डेटाच्या प्रतीवर, खऱ्या आकाराच्या कॅशसह मुद्दाम यंत्रणा पाडून तो मोजलेला हवा आणि लोकांना दिसेल असा जाहीर हवा. शाळेत आगीची रंगीत तालीम घेतो, तशी ही तालीम. शिवाय आवृत्ती बदलण्यासाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी आणि रीतसर चाचणी करून बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी कार्यालयाने उभं राहायला हवं.

रांगेतून परत गेलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती कुठल्याच लॉगमध्ये नोंदली जात नाही आणि कुठल्याच रिकव्हरीत परत येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी आमदार, नगरसेवक किंवा अधिकारी नव्या सर्व्हरची घोषणा करतील, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. पडला तर किती मिनिटांत उठतो? आणि शेवटचं कधी पाडून बघितलं होतं?

तुमच्या गावात कुणी हे विचारलं आणि उत्तर मिळालं, तर खाली नक्की लिहा.